वर राहिलेला हात

पडद्यांच्या दुकानातल्या नोकराला सगळे दांडी म्हणत. पडदा जिला अडकवतात ती दांडी. नाव ठेवणाऱ्याचा तरी काय दोष? त्याचा डावा हात खांद्यापासून सरळ वर गेलेला होता, कानाला लागून, बोटं जराशी पसरलेली. गुरुजींनी प्रश्न विचारावा आणि उत्तर सगळ्या वर्गात एकट्यालाच यावं, तसा. फरक इतकाच की गुरुजी केव्हाच निवृत्त झाले होते आणि हा चाळिशीला टेकला होता.

हात दुखत नव्हता. लहानपणी आई त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. त्यांनी ठोकून पाहिलं, दाबून पाहिलं, फोटो काढून उजेडात धरून पाहिला आणि शेवटी आपलेच दोन्ही हात टेकले. म्हणाले, "बाई, हात उत्तम आहे. फक्त वर आहे."

गावाने ते मान्य केलं. गाव मोठं समजूतदार असतं. ज्याचं कारण सापडत नाही त्याचा उपयोग शोधतं. शिंपी त्याच्या सदऱ्याची एक बाही खाली आणि एक वर शिवू लागला. आई ओला टॉवेल त्या हातावर टाकायची आणि म्हणायची, "जा रे, जरा उन्हात उभा राहा." बस तर तो दिसेल तिथे थांबायची. हा बिचारा कोपऱ्यावर साबण आणायला निघालेला असायचा. बस थांबायची, ड्रायव्हर दार उघडून वाट बघायचा, मग नाही कसं म्हणायचं म्हणून हा चढायचा. साबणासाठी निघून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्याचं कितीदा तरी घडलं होतं.

सभेत मतं मोजली की त्याचं मत होकारात धरलेलंच असायचं. त्यामुळे गल्लीच्या सभेत एकाच बैठकीत दोन ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाले. एक, कोपऱ्यावरचं झाड तोडावं. दुसरा, त्या झाडाभोवती बसायला कट्टा बांधावा. दोन्ही ठराव अमलात आले. आजही तिथे रिकाम्या जागेभोवती सुरेख गोल कट्टा आहे आणि संध्याकाळी लोक उन्हात बसून सावलीच्या गोष्टी करतात.

एकदा एका लिलावापाशी तो बघ्यांत उभा राहिला, आणि संध्याकाळी त्याच्या घरी होडी आली. आमच्या गावाला नदी नाही, तळंही नाही. होडी पुढच्या खोलीत बसवली. आईने चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी तिच्यात कांदे भरले. मग दुपारी कांदे एका बाजूला सारून ती तिच्यात जरा पाठही टेकू लागली. म्हणायची, हल्ली झोप बरी लागते, कुठेतरी चालल्यासारखं वाटतं.

फक्त एकाच ठिकाणी तो चारचौघांसारखा दिसायचा. बाजारामागच्या प्रार्थनेच्या सभागृहात एक म्हातारे बुवा दर आठवड्याला गाऊन उपदेश करत. बुवांचा गळा असा, की एरवी शेजाऱ्याला वाटीभर साखर न देणारी माणसंही तिथे रडायची. निरूपण रंगलं, शेवटचं पद आलं, की बुवा म्हणायचे, हात वर करा रे लेकरांनो, देवाला दिसू द्या कोण कोण आलंय. सगळं सभागृह हात वर करायचं. त्या जंगलात दांडीचा हात म्हणजे आणखी एक झाड. तेवढा वेळ त्याला फार बरं वाटायचं. पुढे बुवांनीच घोटाळा केला. एका निरूपणात ते त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, भक्ती बघायची तर ही बघा, आपण पदापुरता हात वर करतो, याने एकदा केला तो खाली घेतलाच नाही. तेव्हापासून म्हाताऱ्या बायका जाता-येता त्याच्या पाया पडू लागल्या. तो ओशाळा व्हायचा. कारण हात देवासाठी वर नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

तो कशासाठी वर होता हे गावात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि त्याच्या आईला.

लहानपणी शेजारच्या घरात एक मुलगी राहायची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. दोघं दिवसभर पुतळा-पुतळा खेळायचे. एकाने दुसऱ्याला "पुतळा" म्हटलं की दुसऱ्याने असेल तसं थांबायचं आणि पहिल्याने "सुटलास" म्हणेपर्यंत हलायचं नाही. नियम भिंगरीने केलेले होते आणि फार कडक होते. ज्याने पुतळा केला त्यानेच सोडवायचं. पुतळ्याने मागायचं नाही. मागून सुटला तो हरला, आणि हरला त्याच्याशी कट्टी.

मग भिंगरीच्या वडिलांनी बाजाराच्या पलीकडे घर घेतलं. सामान टेम्पोत चढलं, सामानावर गाद्या चढल्या, गाद्यांवर भिंगरी चढली. टेम्पो निघाला तसा याने तिला निरोपाचा हात केला. नुकताच वर गेला होता हात, हलवायचा राहिला होता. तेवढ्यात ती गाद्यांवरून हसत ओरडली, "पुतळा." आणि टेम्पो कोपऱ्यावरून वळला.

संध्याकाळी आई शोधत आली तेव्हा हा रस्त्यात तसाच. तिने त्याला कपाट उचलावं तसं उचललं आणि दारातून आडवा करून आत नेलं. गरम गरम जेवल्यावर पाय सुटले, मान सुटली, रडूही सुटलं. हात राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी खेळायला आली. हा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, हात वर, डोळे मोठे. तिने विचारलं, तुला काही विचारायचंय का? तो म्हणाला, काही नाही. मागायचं नाही असा नियमच होता ना. ती म्हणाली, मग चल, आज आपण दुकान-दुकान खेळू. तिच्या डोक्यात कुठलाही खेळ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे. थोड्या दिवसांनी तिची समजूत झाली की याचा हात असाच असतो. आणखी थोड्या वर्षांनी ती लोकांना सांगू लागली की जन्मापासूनच तसा आहे.

आधी त्याने सांगितलं नाही ते कट्टीच्या भीतीने. मोठा झाल्यावर सांगितलं नाही ते वेगळ्याच कारणाने. तिने शब्द म्हटलेला नाही, म्हणजे खेळ अजून चालू आहे. खेळ चालू आहे, म्हणजे जगात एक गोष्ट अशी आहे जी तिच्या आणि त्याच्यातच आहे, तिसऱ्या कुणाची नाही. इतक्या थोड्यावर माणूस जन्म काढतो. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय म्हणायचं.

भिंगरी आता गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणूस घाबरट असला की ती दांडीला मागच्या सीटवर बसायला बोलवायची. म्हणायची, तू बसलास की गाडीत शांत वाटतं. हात आत मावत नसे म्हणून तो जरा तिरका बसून हात खिडकीबाहेर काढायचा. मागच्या गाड्यांना वाटायचं, ही आता वळणार. त्या शिस्तीत थांबायच्या. भिंगरीच्या गाडीला आजवर कुणी मागून धडक दिली नाही, आणि शिकाऊंना वाटायचं रस्ते असेच भले असतात. शिकवणी संपली की दोघं गाडीतच बसून बोलायची. म्हणजे ती बोलायची. दोन ठिकाणी तिचं लग्न ठरता ठरता मोडलं, ते सगळं तिने याच खिडकीपाशी सांगितलं होतं. तो ऐकायचा. तिला वाटायचं, असा ऐकणारा मित्र मिळायला भाग्य लागतं.

एका दुपारी तिने गाडी झाडाखाली लावली आणि आरशात त्याच्याकडे बघत म्हणाली, "ऐक, मी चष्मेवाल्याशी लग्न करतेय."

चष्मेवाला गावातलाच. सभ्य माणूस, हळू बोलणारा, समोरच्याचं ऐकताना मान कलती करणारा. त्याच्यात खोड काढावी म्हणून दांडीने घरी येईपर्यंत डोकं खाजवलं. एकसुद्धा सापडली नाही. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालून दारातून निघताना त्याच्या लक्षात आलं, की हाताचं बोट रोज दाराच्या चौकटीला लागायचं ते आज लागलं नाही. हात बोटभर खाली आला होता.

इथे दुकानाची रीत सांगायला हवी. पडद्यांचे मालक जुन्या वळणाचे. मोजायच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप ताणला की ताणला जातो, असं ते म्हणत. गिऱ्हाईक आलं की दांडीने उभं राहायचं, मालक कापड त्याच्या हातात द्यायचे, कापड जमिनीला टेकलं की कैची. गावातल्या साऱ्या खिडक्यादारांचे पडदे असे दांडीच्या हाताइतके होते. नवीन घर बांधणारेसुद्धा गवंड्याला सांगत, चौकट दांडीला बेतून ठेव, म्हणजे पुढे पडद्याची कटकट नको. मालक कौतुकाने म्हणायचे, आमच्या दांडीने कधी दांडी मारली नाही.

आता पडदे आखूड होऊ लागले. पहिल्या आठवड्यात बोटभर, पुढच्या आठवड्यात चार बोटं. पडद्याआडून डोकावणाऱ्यांचे पाय खालून दिसू लागले. एका घरी सासूबाई पडद्यामागे उभ्या राहून ऐकतात हे सुनेला पाहुण्यांसमोरच कळलं. दुसऱ्या घरी नवरा घरी नाही असं बायको दारात सांगत होती आणि नवऱ्याच्या चपला, नवऱ्याच्या पायांसकट, पडद्याखालून सगळ्यांना दिसत होत्या.

तक्रारी आल्या. मालकांनी त्या नीट ऐकून घेतल्या, कापलेले पडदे पुन्हा दांडीच्या हातात देऊन बघितले. बरोबर जमिनीला टेकत होते. हाताबद्दल शंका घ्यायची हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. खूप विचार करून त्यांनी निर्णय दिला की पडदे जिथल्या तिथे आहेत, गावातल्या चौकटी वर सरकल्या आहेत. त्यांनी गवंड्याला बोलावलं. गवंड्याने कान चौकटीला लावला, थापीने ठोकलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, हो, सरकल्यात, उन्हाने सरकतात कधी कधी. गवंड्याचं काम तेव्हा थंड चाललं होतं, तेव्हा त्यालाही बोल लावता येत नाही. दोन-तीन घरांच्या चौकटी खाली घेतल्या गेल्या. त्या घरांतली उंच माणसं आता वाकून आत जातात, आणि गावात त्यांची नम्र म्हणून ख्याती झाली आहे.

दांडी मात्र घाबरला. नोकरीसाठी नाही. त्याला वेगळंच भय होतं. हात आपणहून खाली आला, तिने शब्द म्हणायच्या आत आला, तर मग इतकी वर्षं हात वर होता तो कुणी ठेवला होता? तिने नाही, असं ठरेल. खेळात एकटा तोच होता, असं ठरेल. लग्नाच्या आधी तिच्या तोंडून तो एक शब्द निघायला हवा होता, आणि नियम असा की मागायचं नाही.

त्याने आईला सांगितलं. तिने त्याच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला दाट खळ दिली, कडकडीत इस्त्री केली आणि हात आत घालून दिला. दोन दिवस बाहीने हात धरला. तिसऱ्या दिवशी घामाने खळ विरघळली आणि हात आणखी दोन बोटं खाली आला.

मग तो बुवांकडे गेला. बुवा आपल्या खोलीत गरम पाण्याच्या गुळण्या करत होते. त्यांनीच आधी काळजीने विचारलं, हात उतरलेला दिसतो, देवावर रागावलास का? तेव्हा त्याने एकदाचं सगळं सांगून टाकलं. हात देवासाठी नव्हता, तुम्ही उगीच माझं नाव घेतलंत, बायका पाया पडतात त्याचं पाप मला लागतं. बुवा बराच वेळ गुळणी तोंडात धरून बसले. मग ती थुंकून आले. म्हणाले, "अरे, देवासमोर जरी कुणी इतकी वर्षं असा हात धरला असता ना, तर देवसुद्धा म्हणाला असता, बाळा, दिसलास मला. ठेव आता खाली. दमला असशील."

"पण तिला दिसलोच नाही बुवा."

बुवांनी त्याच्या त्या हाताच्या दंडावर आपला हात ठेवला. ते पुढे खूप काही म्हणाले, पण इकडचं तिकडचं, घशाचं आणि हवेचं.

आणि मग भिंगरी आणि चष्मेवाला दोघं दुकानात आली. नव्या घरासाठी पडदे हवे होते. मालकांनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि कापडाची ठाणं काढायला सुरुवात केली. दांडी उभा राहिला. निळा पडदा, पिवळा पडदा, बारीक पानांचा पडदा, सगळे त्याच्या हातावरून उतरले. भिंगरी दर पडद्याला उठून मागे-पुढे जाऊन बघत होती. झोपायच्या खोलीसाठी पानांचा घ्यावा की साधा, हे तिने दांडीलाच विचारलं. तो पडद्याआडून म्हणाला, पानांचा घे, सकाळी उजेड आला की पानं दिसतील. ती चष्मेवाल्याला म्हणाली, बघितलंस, मी सांगत नव्हते, याच्यासारखं कुणाला कळत नाही.

चष्मेवाला पडद्यांकडे बघतच नव्हता. तो हाताकडे बघत होता. लोकांना अक्षरं वाचायला लावून लावून त्याची नजर अशी झाली होती की बारीकसारीक काही सुटत नसे. तो हळूच म्हणाला, "तुम्ही हात कधी खाली घेत नाही का?"

मालकांची कैची अर्ध्यात थांबली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. दांडीने भिंगरीकडे पाहिलं. आता तिला आठवेल. आता तिला आठवेलच.

"अरे, त्याचा जन्मापासून तसाच आहे," भिंगरी म्हणाली, आणि पुढचं ठाण उलगडून बघायला लागली.

मालकांनी कैची चालवली. हात तेव्हा कपाळाच्या रेषेत होता.

पडदे लावायला दांडीच गेला. नवं घर बाजाराजवळच होतं, जिन्यावर अजून रंगाचा वास होता, खोल्यांत बोललेलं घुमत होतं. चष्मेवाला बाहेरच्या खोलीत रंगाचे डाग पडलेल्या काचा पुसत होता. झोपायच्या खोलीत भिंगरी स्टुलावर चढली आणि तिने पानांचा पडदा वर अडकवला. तो घोट्यांच्याही वरच संपला. खाली वीतभर भिंत दिसत होती.

ती खाली उतरून बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला स्टूल धरावं लागलं. म्हणाली, पडद्याला अर्धी चड्डी घातलीये की काय मालकांनी. दांडीने माफी मागितली, दुसरा कापून आणतो म्हणाला. ती म्हणाली, "राहू दे रे. छान वाटतोय. पायांना वारा लागेल." मग तिने त्याला पडद्यामागे जायला सांगितलं, चुण्या मागून सारख्या करायला, आणि ती स्टूल दूर घेऊन बघायला लागली. पडद्याच्या अलीकडून तिला त्याचे फक्त पाय दिसत होते.

"असा उभा राहिलास की कसा दिसतोस माहितीये," ती म्हणाली. "पुतळा-पुतळा खेळायचो तेव्हासारखा. आठवतं का तुला ते?"

पडद्यामागे चुण्या सारख्या करणारा उजवा हात थांबला.

"आठवतं."

"काय कच्चा होतास तू. देवा. मी पुतळा म्हणायचे आणि तू लगेच हलायचास. एकदासुद्धा टिकला नाहीस. मला इतका राग यायचा. म्हणायचे, हा एक खेळ याला कधी जमणार नाही."

खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्याच्या सदऱ्यावर, तोंडावर, त्या हातावर पडलं होतं आणि पडद्यावरची पानं उजळली होती. मग त्याला आत कुठेतरी हसू आलं, पोटातून, अगदी बारीक. सगळं गाव ज्या हातावर बेतलेलं आहे तो घेऊन तो इथे उभा आहे, आणि ती म्हणते टिकला नाहीस. एक वाक्य पुरलं असतं. हे बघ, अजून टिकलोय. ते बोललं असतं तर तिने शब्द म्हटला असता. रडत म्हटला असता. चष्मेवाल्याने काचा पुसायचं सोडून दारात येऊन ऐकलं असतं. आणि मग या खोलीत, या पानांच्या उजेडात, रोज सकाळी तिला त्याचा हात आठवला असता.

"हो," तो म्हणाला. "मला कधी जमलंच नाही ते."

"जाऊ दे. पण मित्र म्हणून पास झालास," ती म्हणाली आणि मोठ्या खिळ्यांची पिशवी कुठे ठेवली ते आठवत दुसऱ्या खोलीत गेली.

ती गेल्यावर तो पडद्यामागे थोडा वेळ उभा राहिला. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर कुणाचं तरी सामान भरलेला टेम्पो वळत होता. त्याने हात होता तिथून पुन्हा पूर्ण वर नेला, अगदी कानाला लागेपर्यंत, आणि तो हलवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. निरोपाचा हात पुरा केला. मग अगदी हळू, भिंतीलाही ऐकू जाणार नाही असं, त्याने तिला म्हटलं, जा, सोडलं तुला. आणि हात खाली आला. मांडीला लागला तेव्हा तो दचकला, कुणी शेजारी येऊन उभं राहिलंय की काय.

तो पडद्यामागून बाहेर आला. दारात चष्मेवाला उभा होता, हातात काच पुसायचं फडकं. त्याने पाहिलं. चष्मा काढला, त्याच फडक्याने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. विचारलं, जड होता का? दांडी म्हणाला, सवय होती. चष्मेवाल्याने आपला डावा हात पुढे केला आणि दांडीचा हातात घेतला, जरा वेळ धरला, जसा एखादा मोठा माणूस आजाऱ्याचा धरतो. भला माणूस होता तो. याआधीही त्यात शंका नव्हतीच.

तेवढ्यात भिंगरी पिशवी घेऊन आली. दांडीकडे बघून थबकली. कपाळाला आठी घातली, डोकं एका बाजूला कललं.

"काहीतरी वेगळं दिसतंय तुझ्यात," ती म्हणाली. "केस कापलेस का?"

"थोडे," तो म्हणाला.

"छान दिसतायत."

बाहेर येऊन तो थांब्यावर उभा राहिला. बस आली आणि न थांबता पुढे गेली. थोडी पुढे गेल्यावर ड्रायव्हरला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण ती कचकन थांबली आणि उलटी येत येत थांब्यापाशी आली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, त्याला नखशिखांत न्याहाळलं. विचारलं, हात कुठाय? दांडीने दाखवला. ड्रायव्हर म्हणाला, असं कसं चालेल, आता आम्ही तुला ओळखायचं कसं? मग त्याने स्वतःच दार उघडलं. पण दांडी म्हणाला, मी आज चालतच जातो. तो चालत निघाला. हात बाजूला झुलत होता, चालण्याबरोबर पुढे-मागे, कुणी शिकवलं नव्हतं तरी. कट्ट्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायका पाया पडायला अर्धवट उठल्या आणि हात न दिसल्याने पुन्हा बसल्या. त्याने त्यांना वाकून नमस्कार केला.

घरी आई होडीत बसून कांदे निवडत होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. उठली. धुतलेला टॉवेल खांद्यावर होता, तो सवयीने त्याच्याकडे नेला आणि अर्ध्यातच थांबली. टॉवेल घेऊन क्षणभर तशीच उभी राहिली. मग तो होडीच्या काठावर पसरला आणि नीट ताणला.

"म्हणाली का ती?"

"नाही."

"मग?"

"मीच म्हटलं. तिला."

आईने मान हलवली. बराच वेळ ती टॉवेलच्या नसलेल्या सुरकुत्या काढत राहिली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, बरं झालं, पण आता फळीवरचा साखरेचा डबा कोण काढणार, तुझ्या भरवशावर तो मी इतका वर ठेवलाय.

तो स्वयंपाकघरात गेला. हात वर गेला, डबा घेतला आणि डब्यासकट खाली आला.